वारा शांत, आकाश निरभ्र

१

निश शहराच्या विमानतळावर एका छोट्या विमान कंपनीत मी एकवीस वर्षं डिस्पॅचर होते. विमान उडवायचं नाही, जमिनीवर बसून त्याचा रस्ता आखायचा, हे आमचं काम. कुठल्या उंचीवरून जायचं, इंधन किती भरायचं, आणि जिथे उतरायचं तिथे काही कारणानं उतरता आलं नाही तर दुसरीकडे कुठे जायचं. या शेवटच्या जागेला पर्यायी विमानतळ म्हणतात. प्रत्येक उड्डाणाच्या आराखड्यात तो लिहावाच लागतो, आणि त्याचं अंतर धरून तेवढं जास्तीचं इंधन भरावं लागतं. बहुतेक वेळा तिकडे कुणी जात नाही. तरी लिहायचा.

पूर्वी आम्ही चौघं होतो. चिका बुदिमिर, म्हणजे बुदिमिरकाका, सगळ्यांत ज्येष्ठ. मोठ्या टेबलावर नकाशा पसरून, पेन्सिल कानावर ठेवून तो रस्ते आखायचा आणि मध्येच उठून खिडकीशी सिगारेट ओढत आकाशाकडे बघायचा. मग सॉफ्टवेअर आलं. चिका बुदिमिर निवृत्त झाला, दोघांना नारळ मिळाला, आणि सकाळी सात ते दुपारी तीन त्या खोलीत मी एकटी राहिले.

टर्मिनलच्या मागच्या जुन्या इमारतीत पहिल्या मजल्यावर ती खोली होती. लांबलचक कॉरिडॉर, त्याच्या टोकाला आमचं दार. दाराला दुधी काच. बाकीच्या खोल्यांना कुलुपं. दिवसभरात मी जेमतेम पन्नास वाक्यं बोलत असेन, आणि त्यातली चाळीस तरी आकड्यांची. मुलगी ग्राझला असते, ती रविवारी फोन करते. नवरा जाऊन सहा वर्षं झाली. हे रडगाणं म्हणून सांगत नाही. पुढचं वाचताना माहीत असलेलं बरं.

नोव्हेंबरात एका सकाळी उबदार समुद्रकाठच्या हुर्गदाहून निशला येणाऱ्या विमानाचा आराखडा सॉफ्टवेअरनं तयार करून दिला. पर्यायी विमानतळाच्या चौकटीत एरवी स्कोपिये नाहीतर सोफिया असायचं. त्या दिवशी तिथे एक अनोळखी खूण होती. एल, वाय, आणि पुढे दोन ओ. एल-वाय म्हणजे आमच्याच भागातला विमानतळ. पण आमच्या भागातले सगळे विमानतळ मला तोंडपाठ होते, आणि हा त्यात नव्हता.

मी त्याची माहिती उघडली. नाव रिकामं. धावपट्टीची लांबी रिकामी. उघडण्या-बंद होण्याच्या वेळा रिकाम्या. निशपासूनचं अंतर मात्र भरलेलं होतं: शून्य.

कुणीतरी चाचणीसाठी घातलेली नोंद काढायची राहून गेली असणार. सॉफ्टवेअरचं वागणं मला एव्हाना पुरतं कळलं होतं. ते सर्वांत जवळचा, सर्वांत स्वस्त आणि चांगल्या हवेचा विमानतळ शोधतं. रिकामी चौकट दिसली की इथे काही अडचण नाही असं धरून चालतं. मी ती खूण पुसून स्कोपिये लिहिलं. चार सेकंदांचं काम.

दुसऱ्या दिवशी ती खूण परत होती.

२

प्रत्येक विमानतळ दर अर्ध्या तासाला आपल्या हवेची बातमी देतो. वारा, दृश्यता, ढग, तापमान. एका ओळीत सगळं. ही नसलेली जागाही देत होती. वारा शांत, आकाश निरभ्र, बावीस अंश. ओळीच्या शेवटी, जिथे कधीमधी एखादी टीप असते, तिथे नुसता एक आकडा. एक.

बाहेर तीन अंश होते आणि नोव्हेंबरचा चिखल होता. हुर्गदाचीच हवा चुकून इथे येत असेल म्हणून ताडून पाहिलं. जुळली नाही.

मग एका मंगळवारी आमच्या खोलीतला हीटर बंद पडला. कोट घालून काम करत बसले. साडेनऊला सहज ती ओळ पाहिली तर चौदा अंश. झाडायला येणाऱ्या देसांकानं खालून विजेची शेगडी आणून दिली. दहाला सतरा. साडेदहाला एकोणीस. बाराला पुन्हा बावीस.

भिंतीवर औषधाच्या दुकानानं दिलेलं कॅलेंडर होतं, त्याच्या कोपऱ्यात लहानसा तापमापक. मी उठून त्याच्याजवळ गेले. बावीस.

मी घाबरट बाई नाही. एखादी गोष्ट जुळली की ती परत जुळते का हे पाहायचं, एवढं या धंद्यानं शिकवलं आहे. एक वाजायला पाच मिनिटं असताना खिडकी सताड उघडली. कागद उडाले. एकची बातमी आली: वारा वायव्येकडून, चार नॉट, नऊ अंश. खिडकी लावून घेतली. दीडला वारा शांत.

इमारतीला कुणी हवा मोजायची यंत्रं बसवली असतील का, हे विचारायला मी खाली देखभाल खात्यात गेले. ज्या इमारतीच्या छताचं गळणं दहा वर्षांत थांबवलं नव्हतं, तिला यंत्रं कोण बसवणार म्हणून तिथला माणूस हसला.

शेवटच्या आकड्याचा उलगडा देसांकामुळे झाला. ती रोज नऊच्या पुढे यायची, फरशी पुसायची आणि माझ्याबरोबर कॉफी पिऊन, सुनेच्या तक्रारी सांगून दहाच्या आत जायची. ती असताना येणाऱ्या साडेनऊच्या बातमीत टिपेत दोन असायचे. बाकी दिवसभर एक.

मी तिला काही बोलले नाही. मुलीलाही नाही. खरं सांगायचं तर सुरुवातीला मला भीती वाटलीच नाही. या खोलीत एक माणूस आहे, याची दर अर्ध्या तासाला कुणीतरी नोंद घेत होतं. वर्षानुवर्षं माझी एवढी विचारपूस कुणी केली नव्हती. मी त्या ओळीची वाट बघायला लागले होते. हे लिहायला आज लाज वाटते, पण तसं होतं.

३

सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांच्या मदत-क्रमांकावर मी तीनदा फोन केला. पलीकडचा माणूस अदबीनं बोलायचा. त्याला ती खूण दिसतच नव्हती. शेवटी मी पडद्याचा फोटो काढून पाठवला. फोटोत ती चौकट कोरी आहे, असं त्यानं कळवलं. मी माझ्या फोनमधला तोच फोटो उघडून पाहिला. त्यात दोन ओ स्पष्ट दिसत होते, डोळे वटारल्यासारखे.

रविवारी मी अर्धा किलो बुरेक, चीज भरलेली खारी, घेऊन चिका बुदिमिरकडे गेले. तोही घरी एकटाच असायचा, त्यामुळे तो दार उघडायच्या आधीच बोलायला लागायचा. मी सगळं सांगितलं नाही. फक्त नसलेल्या विमानतळाचं सांगितलं. तो बराच वेळ दही ढवळत बसला.

“त्या यंत्राला ‘नाही’ आणि ‘माहीत नाही’ यातला फरक कळत नाही, पोरी,” तो म्हणाला. “तेवढ्यासाठी तर आपल्याला पगार मिळायचा.”

मी छप्पन्न वर्षांची. तो अजून मला पोरी म्हणायचा. निघताना त्यानं सांगितलं की जोपर्यंत हातानं खोडता येतंय तोपर्यंत खोडत राहा.

नवीन वर्ष लागलं आणि ते खोडणंही बंद झालं. इंधन वाचवायचं म्हणून साहेबांनी नियम काढला: सॉफ्टवेअर जे पर्यायी ठिकाण देईल ते बदलायचं नाही. आराखडा पहाटे आपोआप तयार होऊन थेट वैमानिकांच्या टॅबलेटवर जाईल. मी फक्त लक्ष ठेवायचं. मी साहेबांच्या खोलीत जाऊन भांडले. त्यांनी शांतपणे विचारलं, गेल्या दोन वर्षांत आपलं एक तरी विमान पर्यायी ठिकाणी गेलं का. नव्हतं गेलं. मग दर खेपेला एक टन इंधन फुकट कशाला वाहायचं, यावर माझ्याकडे उत्तर होतं, पण ते त्यांना सांगण्यासारखं नव्हतं. मी एवढंच म्हणाले की ती जागा अस्तित्वात नाही. ते म्हणाले, सॉफ्टवेअरमध्ये आहे ना?

४

नाताळ आमचा सात जानेवारीला असतो. त्या दिवशी इमारतीत चिटपाखरू नव्हतं. देसांका तिच्या गावी गेलेली. एकच विमान होतं, तेही वेळेवर. मी घरून आणलेली भाकरी आणि डुकराचं थंड मांस टेबलावर मांडलं आणि अकराची बातमी पाहिली.

वारा शांत, आकाश निरभ्र, एकवीस अंश. दोन.

मी मागे वळून पाहिलं. कपाट, कोट अडकवायचा खांब, चिका बुदिमिरच्या काळातल्या तीन रिकाम्या खुर्च्या. उठून दार उघडलं. कॉरिडॉर टोकापर्यंत मोकळा. एकेक कुलूप हलवून पाहिलं. कुणी नाही. परत येऊन साडेअकराची वाट पाहिली. दोन.

मी देसांकाला फोन लावला, काहीतरी निमित्त काढून. तिच्याकडे पाहुण्यांचा गलका होता, नातवंडं किंचाळत होती. ती गावीच होती.

त्यानंतर रोज दोनच. देसांका आली की तीन.

मी स्वतःला समजावलं. मोजणाऱ्याची चूक झाली, मोजणी एकनं सरकली. हिशेबात अशा चुका शेकड्यानं होतात. हीही तशीच. हे मी दिवसातून कितीदा तरी मनात म्हणायचे. पण खुर्ची फिरवून पाठ भिंतीला लावून घेतली. आणि एकटी असताना मी काम करता करता काहीतरी गुणगुणायचे, ते बंद झालं. ते कधी बंद झालं हे माझ्या ध्यानातही आलं नाही. देसांकानं विचारलं तेव्हा कळलं.

नऊ-दहा दिवसांनी एकदा मी पेन खाली पाडलं, आणि उचलायला वाकताना “जरा सरक” म्हणाले. कुणाला म्हणाले ते मला आजही सांगता येणार नाही. अर्धा तास मी तशीच बसून होते.

५

जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात धुकं आलं. सकाळी अंगणात कुणी दूध सांडावं तसं ते निशच्या खोऱ्यात पडून होतं. दहाच्या उन्हात विरेल, असं सगळे म्हणत होते. विरलं नाही.

हुर्गदाहून आमचं विमान निघालं होतं. कॅप्टन स्रेतेन, त्याच्यासकट सहा कर्मचारी, आणि एकशे अडुसष्ट प्रवासी. सुट्टी संपवून घरी येणारी माणसं. साडेबाराला उतरायचं होतं.

साडेअकराला निश बंद झालं. दीडशे मीटरच्या पलीकडे दिसेना. मी सोफिया पाहिलं, तेही गेलं. स्कोपिये गेलं. बेलग्रेड गेलं. थेस्सालोनिकीला समुद्रावरून धुकं चढलं होतं. एकेक नाव पडद्यावर तांबडं होत गेलं. पश्चिमेच्या दूरच्या किनाऱ्यापर्यंत जायला इंधन पुरणार नव्हतं, कारण इंधन भरलं होतं शून्य अंतरावरच्या पर्यायी विमानतळाच्या हिशेबानं. तो एकटाच अजून हिरवा होता.

बाराची बातमी आली.

वारा शांत, आकाश निरभ्र, एकवीस अंश. एकशे शहात्तर.

विमानात एकशे चौऱ्याहत्तर माणसं होती. खोलीत मी. तरी एक उरत होता. तो उरलेला मला नाताळापासून माहीत होता. मोजणी कधीच चुकली नव्हती.

मी चिका बुदिमिरला फोन लावला. त्यानं एकच गोष्ट विचारली, विमान आता कुठे आहे. मग म्हणाला, धुकं खाली साचतं, तेव्हा उंचावर बघ. उझित्सेच्या वर पठारावर सैन्याची जुनी धावपट्टी आहे, समुद्रसपाटीपासून हजार मीटरवर. तुझ्या यंत्रात नसणार, कारण तिथून हवेची बातमी कुणी देत नाही. पण तिथे माणूस असतो.

खरंच नव्हती. तिचा फोन नंबर आणि तिकडच्या दिशेचे आकडे त्याच्या जुन्या वहीत होते. तो वही शोधत असताना मला त्याचा श्वास ऐकू येत होता, आणि घड्याळात सहा मिनिटं गेली.

पठारावरच्या पहारेकऱ्यानं फोन उचलला. मी विचारलं, समोर काय दिसतंय.

“ऊन दिसतंय, ताई,” तो म्हणाला. “खाली सगळं पांढरं. वर आम्ही आणि मेंढ्या.”

मी म्हटलं, धावपट्टीवरच्या मेंढ्या हाकल, एक विमान येतंय. किती माणसं, त्यानं विचारलं. एकशे चौऱ्याहत्तर. तो म्हणाला, मग कॉफीचं मोठं भांडं ठेवायला हवं. त्या माणसाचं नावही मी विचारलं नाही.

६

स्रेतेनला रेडिओवर गाठलं तेव्हा बारा वाजून वीस मिनिटं झाली होती. तो खाली यायला लागला होता. सॉफ्टवेअरनं नवा रस्ता त्याच्या टॅबलेटवर आपोआप पाठवला होता.

तो म्हणाला, काळजी करू नको, पर्यायी ठिकाणची हवा झकास आहे, दहा मिनिटांत टेकतो. निशजवळच्या एखाद्या जुन्या लष्करी पट्टीलाच नवी खूण दिली असेल, असं त्यानं गृहीत धरलं होतं. मी म्हटलं, तिकडे जायचं नाही. पठारावर जा. शंभर मैल आहे. त्यानं सांगितलं की तेवढं इंधन काठावर आहे. नशिबानं तो दर खेपेला चारशे किलो जास्तीचं भरायचा, सासूच्या वाट्याचं म्हणायचा. पण हातात असलेली चांगली जागा सोडून ऐकीव जागेकडे का जायचं, हे त्याला कळेना. त्याच्या जागी मी असते तर मलाही कळलं नसतं.

त्याच वेळी कॉरिडॉरमध्ये आवाज झाला.

आधी एकच, खट्. मग लागोपाठ पुष्कळ. पट्ट्यांचे बक्कल सुटल्यासारखे. मग बॅगांची लहान चाकं फरशीवरून. एक मूल कुरकुरलं, बाईनं त्याला गप्प केलं. कुणी खोकलं. बोलत कुणीच नव्हतं.

“स्रेतेन,” मी म्हटलं. माझा आवाज मलाच लांबून आल्यासारखा वाटला. “तिथलं तापमान वाच.”

“एकवीस.”

“जानेवारीत एकवीस अंश कुठे असतं?”

रेडिओत नुसती खरखर.

“हुर्गदाला,” तो म्हणाला.

“आणि?”

“आणि घरात.”

“खोलीत,” मी म्हटलं. “ती एक खोली आहे, स्रेतेन. मी तिच्यात बसलेय. वर जा.”

मी दाराकडे पाहिलं. पाहायचं नव्हतं, पण ते दार माझ्या समोरच होतं. खुर्ची मीच तशी फिरवली होती.

दुधी काचेपलीकडे माणसं उभी होती. दाटीवाटीनं, कॉरिडॉर भरून, पार मागेपर्यंत. चेहरे कळत नव्हते, नुसते आकार. हातात बॅगा, दंडावर कोट. सगळे दाराकडे तोंड करून, आता दार उघडेलच अशा समजुतीनं, निमूट. आणि दोन्ही भिंतींकडेच्या लोकांनी माना वाकड्या केल्या होत्या. विमानात खिडकीशी बसलेली माणसं वरच्या सामानाच्या कप्प्यांमुळे उभी राहतात तशी. आमच्या कॉरिडॉरचं छत चार मीटर उंच आहे.

दाराची मूठ हलली नाही. कुणी ठोठावलं नाही. ती माणसं फक्त वाट बघत होती, आणि ती माझी वाट बघताहेत हे मला समजत होतं. उठून दार उघडावं असं मला वाटलं. भीतीनं नव्हे. इतकी माणसं खोळंबली आहेत आणि आपण बसून आहोत, याची चक्क लाज वाटली. मी अर्धी उठलेही.

तेवढ्यात स्रेतेनचा आवाज आला, घोगरा झालेला. “वर जातोय. दिशा दे.”

मी बसले. चिका बुदिमिरनं सांगितलेले आकडे वाचून दाखवले. मग उंची, मग इंधन, मग पुन्हा दिशा. मान खाली घालून वहीवर पेन्सिलनं लिहीत गेले आणि बोलत राहिले. बोलायचं संपलं तेव्हा तेच परत वाचलं. बाहेरचे आवाज कधी थांबले ते कळलं नाही. काचेकडे पाहिलं तेव्हा ती नुसती पांढरी होती.

पाऊण वाजून गेल्यावर स्रेतेन म्हणाला की समोर ऊन आहे आणि धावपट्टी दिसते. एकला सात मिनिटं कमी असताना पहारेकऱ्याचा फोन आला. विमान टेकलं, सगळे उतरताहेत, आणि कॉफी पुरणार नाही.

एकची बातमी आली नाही. पर्यायी विमानतळाची चौकट कोरी होती.

७

फेब्रुवारीत मी नोकरी सोडली. चौकशी झाली, इंधन काठावर का होतं याचे खुलासे झाले, साहेबांचा नियम मागे घेतला गेला. मला शाबासकीचं पत्र मिळालं. आता मी बस स्थानकाच्या तिकीट खिडकीवर बसते. काचेला माणसं चिकटलेली असतात, सतत कुणीतरी घाई करत असतं, माझ्यावर ओरडत असतं. मला ते आवडतं.

एप्रिलच्या एका दुपारी स्रेतेन स्थानकावर आला. तिकीट घ्यायला नव्हे. माझी पाळी संपेपर्यंत थांबला आणि मग आम्ही समोरच्या खानावळीत बसलो. त्यानं राकियाचा पेला मागवला, पण दारूला तोंड लावलं नाही. त्या दिवशी मी त्याला वर पाठवलं याबद्दल त्यानं आभार मानले, मग बायकामुलांचं सांगितलं, मग हवेचं. मूळ गोष्टीवर यायला त्याला तास लागला.

माझं बोलणं पटून तो वर गेला नव्हता. खोलीबद्दल मी जे म्हणाले ते ऐकून बाई भ्रमिष्ट झाली असंच त्याला वाटलं होतं. तो उतरतच होता. आणि धुक्यात एक भोक पडलं. विहिरीसारखं, गोल, तळापर्यंत स्वच्छ. तळाशी धावपट्टी असायला हवी होती. तिथे एक खिडकी होती.

“विमान जमिनीपासून हजार मीटर वर होतं,” तो म्हणाला. “पण ती रस्त्यापलीकडच्या घराची असावी इतकी जवळ दिसत होती. आत दिवा. तू टेबलाशी बसलेली, कानाला यंत्र लावून. दाराकडे बघत होतीस.”

सहवैमानिकानंही पाहिलं का, हे मी विचारलं. तो म्हणाला, आपण त्याला कधी विचारलं नाही, आणि त्यानंही आपल्याला नाही.

बाहेर बस लागली होती, कंडक्टर गावांची नावं पुकारत होता. स्रेतेननं पेला जागच्या जागी फिरवला.

“तुझ्यासोबत त्या दिवशी कोण होतं?”

“कुणी नाही.”

त्यानं मान हलवली, जणू हेच उत्तर येणार हे त्याला ठाऊक होतं.

“तुझ्या शेजारी एक बाई बसली होती,” तो म्हणाला. “तुला खेटून, लिहीत. आम्ही जवळ आलो तसं तिनं वर बघितलं. हात वगैरे केला नाही. लिहिणं थांबवलं, उठली, आणि खुर्च्या एकेक करून भिंतीशी नेऊन ठेवायला लागली. येणाऱ्यांना जागा करून देतात ना, तशी.”